शब्द दिला, लाकडं कुठून आणू

४ फेब्रु. २००९, बुध.
जोशीभाऊजींना पोचवून आलो. रस्त्याकडेला अजून बर्फ. क्रिमेटोरियममध्ये अर्धा तास मिळाला, त्यातली दहा मिनिटं कोट काढण्यात गेली. बाहेर पुढची काळी गाडी थांबलेली. जोशींच्या मुलाच्या खांद्यावर मडकं दिलं, पण रिकामं. पाण्याने कार्पेट भिजेल, तिथले साहेब म्हणाले. फार नम्रपणे म्हणाले. त्याने तीन फेऱ्या घातल्या आणि मडकं फोडायचं सोडून हळूच टेबलावर ठेवलं, फुलदाणी ठेवावी तसं. मग बटण.
ह्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. गाडीत म्हणाले, "मडकं धड राहिलं. म्हणजे जोशी अजून तिथेच." पिनरला घरी पोचलो. दारात बूट काढताना, "मला खोक्यात घालून ढकलू नका. मोकळ्यावर, लाकडावर. शब्द दे."
"दिला," म्हटलं. पोराने हट्ट केला की म्हणतो तसं.

२२ फेब्रु., रवि.
अजित मिल्टन कीन्सहून जेवायला. ह्यांनी आमटी ओरपता ओरपता विषय काढलाच.
"बाबा, इट्स अगेन्स्ट द लॉ. मला पोलीस नेतील."
"नेऊ देत. बापासाठी चार दिवस आत बस."
"मग इंडियाला नेतो तुम्हाला."
"तिथे कोण उरलंय रडायला? चाळीस वर्षं इथे काढली. इथेच जाळा."
ह्याच मागणीची केस कोर्टात चालू आहे, उघड्यावर चिता पेटवू द्या म्हणून. ह्यांची सगळी भिस्त तिच्यावर.
मला काय वाटतं? मी चिता कधी पाहिलेलीच नाही. कराडला आमच्यात बायका स्मशानात जात नसत. आई गेली तेव्हा सगळे तिला घेऊन गेले आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले. मला पहिल्या रांगेत बसवलं ते इथल्या कार्पेटवाल्यांनीच. यातलं काही मी ह्यांना सांगितलं नाही.

१७ मार्च, मंगळ.
ह्यांना हॉस्पिटलातून घरी आणलं. हृदय थकलंय, पायांना पाणी. पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. डोळे तर आधीच गेलेले, कडेचं दिसतं, मधलं नाही. त्यामुळे पेपर मी वाचते. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी डब्यांवरच्या लेबलांवरून नि लायब्ररीतून उचललेलं. हे म्हणतात, रेडिओपेक्षा तुझं कळतं.

९ मे, शनि.
निकाल आला. कोर्ट नाही म्हणालं.
डॉक्टरीणबाई काल सांगून गेल्या, आता दिवस मोजायचे. चार दिवस पोटात अन्न नाही. "वाच," म्हणाले. पेपर समोर धरला. अक्षरं स्पष्ट होती. तोंडातून निघालं, "दिली परवानगी."
"पुन्हा वाच."
पुन्हा वाचलं. कोर्टात असतात तशी लांबलचक वाक्यं मनानेच जुळवली. मध्ये दोनदा अडखळलेसुद्धा, खरं वाटावं म्हणून. पेज मागितली. वाटीभर प्यायले.

१४ मे, गुरु.
उठून बसले! नर्सही चकित. अजितला आपणहून फोन लावला. ह्यांचा ठेवतात न ठेवतात तोच त्याचा माझ्या मोबाईलवर.
"आई, तू काय वाचलंस त्यांना?"
"त्यांना हवं ते."
"आता तूच निस्तर."
खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे तर पेज पचतेय.

३१ मे, रवि.
आगीतून फुफाट्यात. ह्यांनी काल जोशीवहिनींना फोन केला. "वहिनी, तुमच्या ह्यांनी जरा घाईच केली," म्हणून हसले. नंतर वहिनींचा मला फोन. खरंच का हो? तीन महिने थांबले असते तर मडकं नीट फुटलं असतं ना? रडत होत्या. मी "हं" म्हटलं. फक्त "हं".
आज अजित आलेला. ह्यांची यादी चालू. ओक चालेल, पण सुकलेला. चंदनाची एक ढलपी पुरे. नारळ आठवणीने, बटणवाले नारळ घेत नाहीत. मग म्हणाले, "आणि तुझी आई येणार. बायकांनी यायचं नाही, असलं काही नको. माझ्या चितेशी ही उभी राहील." अजित उठून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडलेला ऐकू आला, भांडं एकही घासलेलं नव्हतं.

१२ जून, शुक्र.
पुन्हा धाप. बोलणं तुटक. "सरकार... वर अपील करेल का गं?"
"नाही हो." अपील होणार आहे, पण ते आपल्याच बाजूने. पेपरात आहे. हे कसं वाचून दाखवू?
अजित पॅसेजमध्ये हळू आवाजात, "खोट्यावर पाठवू नकोस त्यांना."
"झोप लागते त्यांना."
"त्यांना नाही आई. तुला."
तोंडात मारावीशी वाटली. पन्नाशीच्या मुलाच्या.

१८ जून, गुरु.
सकाळी सव्वासातला गेले. मी चहा गाळत होते. हाक नाही, काही नाही. दोन कप ओतले होते.

२० जून, शनि.
फ्युनरलवाल्यांना विचारलं, किती दिवस ठेवता येतं? घरच्यांची इच्छा असेल तर बरेच आठवडे, म्हणाले. "अपील लागेपर्यंत?" अजित मध्येच, "आई, इट कुड बी अ इयर! बाबांना फ्रीजमध्ये ठेवणार? आणि पुन्हा नाही म्हणाले तर?"
मोकळ्यावर न्या म्हणणारा माणूस बर्फात ठेवायचा. नाहीतर क्रिमेटोरियमचा मंगळवारी अकराचा स्लॉट रिकामा आहे.
जोशीवहिनींचा दोनदा फोन, मशीनवर निरोप. कधी, कुठे? मलाही बघायचंय एकदा. घेतला नाही.

२२ जून, सोम.
आज दुपारपर्यंत फॉर्म द्यायचाय, नाहीतर उद्याचा स्लॉट जातो. अर्जदार मी. अजित म्हणाला, मी भरतो, तू नुसती सही कर. नाही म्हटलं. उभ्या जन्मात न वाचता सही केली नाही.
नाव भरलं. पत्ता. नातं: पत्नी. मग एक ओळ. जवळच्या नातलगांपैकी कुणाची या दहनाला हरकत आहे का? हो, नाही, अशा दोन चौकोनी खिडक्या.
अजित बाहेर गाडीत. इंजिन चालू आहे. एकदा हॉर्न वाजवला, मग वाजवल्याची लाज वाटली असावी, पुन्हा नाही वाजवला.
तीनदा वाचली ओळ. मोठ्याने, ह्यांना पेपर वाचून दाखवायचे तशी. या वेळी अडखळले नाही.