चिपाडाचा सेन्सर

१० फेब्रुवारी, आष्टा

पुरला एकदाचा! उसाच्या चिपाडाचा लगदा, कोळशाची शाई, वर लाखेचा पातळ हात — तळहाताएवढा सेन्सर. रानातली ओल मोजायची, ऊस तुटेपर्यंत टिकायचं, मग मातीत विरून जायचं. आधीचे दोन्ही सेन्सर महिन्याच्या आतच कुजले. पीएचडीचे सर स्पष्ट म्हणाले, हाही गेला तर विषय बदल. म्हणजे माझी तीन वर्षं पाण्यात!

आबा, माझे वडील, बांधावर बसून बघत होते. पलटणीत वायरलेसवर होते ना — मी वायर कशी ओढली, त्यातही खोट काढली.

२ मार्च, सांगली

चालतोय! आकडा रोज फोनवर येतो. सारखं कोरडं दाखवतोय. आबांना कळवलं, पाणी सोडा. बरं म्हणाले.

११ मार्च

महिना उलटला, अजून जिवंत! सरांनी स्वतःहून चहा पाजला, नवलच. आकडा मात्र कोरडाच. आमचं काळं रान पितं लय. पुन्हा पाणी सोडायला सांगितलं. आबा जरा थांबले, मग बरं म्हणाले.

१९ मार्च, आष्टा

पाडवा. घास उतरला नाही.

रानात पाय घोट्यापर्यंत रुतला. सरीत पाणी तुंबलेलं, ऊस पिवळा. हातानेच उकरलं. सेन्सर खताच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, वर सुतळी आवळलेली. आत कोरा करकरीत! ओल शिरणार कुठून?

आबा म्हणाले, पावसात वायरलेसचा सेट गुंडाळूनच ठेवायचो आम्ही. भिजून तुझी मेहनत वाया जाईल म्हणून तू गेल्यावर मीच बांधला.

मी भडकले. रान ओलं दिसत नव्हतं का तुम्हाला?

"दिसत व्हतं की. पर तू म्हनालीस कोरडं हाय."

 पाणी जास्त झालं की मीठ वर येतं, रान कायमचं जातं — हे त्यांना ठाऊक नाही होय! तरी सोडत राहिले.

२१ मार्च

सेन्सर उघडाच पुरला. सरांना खरं सांगून टाकलं. आधीचे सगळे आकडे बाद. चहा नाही. एक महिना देतो म्हणाले.

२२ एप्रिल, सांगली

टिकलाय. पण आज आकडा — कोरडं. आबांना फोन लावून सांगितलं.

"थांब. पयलं मी रानात जाऊन बघतो."

जन्मात पहिल्यांदा माझ्या शब्दावर अडले. रडू आलं, आणि जीवही भांड्यात पडला.

तासाभराने फोन. "कोरडंच हाय. सोडतो पानी."