शिनोलीच्या पाहुण्यांसाठी ट्रॅक्टर

भरतदादा,

आजोबांचा गंजलेला छोटा ट्रॅक्टर तूच चालू केलास, ऋषी नुसता पाने-पकडी उचलून द्यायचा, असं परवा तू तुला बघायला आलेल्या शिनोलीच्या पाहुण्यांना सांगितलंस. मी चहा घेऊन दारातच उभा होतो. दिवाळीपासून माझी नखं काळी आहेत, ती पाने उचलूनच झाली असणार.

पाहुणे लई खूश आहेत. आज मुलीच्या गॅरेजवाल्या मामांना घेऊन तुझा ट्रॅक्टर बघायला येतायत. म्हणून मी सकाळीच सगळं इंजिन खोलून अंगणात ताडपत्रीवर मांडलंय. एकही नट हरवलेला नाही. मामांसमोरच जोड, म्हणजे त्यांची खात्री पटेल.

मी खोडदला चाललोय, संध्याकाळी येईन. पाने उचलून द्यायला शेजारी शेळी बांधलीय. माझं काम तिला नीट समजावून सांगितलंय.

ऋषी