वाळवीचा दृष्टान्त

१४ मार्च, दुपार

ती. ताईस नमस्कार.

बारा वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून पत्र लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. मी बरा आहे, म्हणजे गुडघे सोडून. प्रवचनाला हल्ली हॉल अपुरा पडतो. नुसता उपदेश केला की लोक घड्याळं बघतात, दृष्टान्त दिला की माना डोलतात. तू म्हणायचीसच, याच्या जिभेला हाड नाही!

ताई, मला भीती वाटते आहे.

रविवारी मी वाळवीचा दृष्टान्त दिला. एका फळीला वाळवी लागली तर ती उपटून फेका, नाहीतर अख्खं घर जाईल. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतला सुतार मात्र खाली मान घालून बसला होता. आज सकाळी तो आला.

"महाराज, फळी काढली," म्हणाला.

मला वाटलं, दुकानातली. तर त्याची लेक! तिनं घरी न सांगता लग्न ठरवलं, म्हणून यानं सोमवारी तिला बाहेर काढलं. त्या मुलाकडेही ती पोचलेली नाही. आज चौथा दिवस.

"खरं तर फळी काढून वाळवी जात नाही," तो रडत म्हणाला. "खाली ओल असते, ती शोधावी लागते. चाळीस वर्षं हेच काम करतोय मी. पण तुम्ही सांगितलंत, म्हटलं माझंच चुकत असेल."



दृष्टान्त माझा नव्हताच. बाबांचा. कुणाबद्दल होता, ते तुला सांगायला नको. बोलले बाबा, पण त्या रात्री तुझ्यामागे दाराची कडी मी लावली. तू बाहेरून मला हाका मारत होतीस. त्या मला ऐकू येत होत्या.

पोरगी तुझ्या शिवणवर्गात यायची म्हणे. देवा, ती तुझ्याकडेच असू दे. नसेल तर काय, ते मला लिहवत नाही.

संध्याकाळी प्रवचन आहे. आज दृष्टान्त नाही, आपल्या घरात काय घडलं ते सरळ सांगणार आहे. सुतार समोर बसलेला असेल.

हे पत्र घेऊन आलेली बाई मुलीची आई आहे. मी स्वतः यायला हवं होतं, धीर झाला नाही. तिला दारात उभं ठेवू नकोस.

कडी लावणारा,
तुझा धाकटा