आजार शांत झाला

३ जानेवारी
आज डॉक्टरांनी दुर्बिणीतून आतडं पाहिलं. सूज उतरलीय, जखमा भरल्यात. म्हणाले, "आजार आता शांत आहे." पुढेही गोळ्यांबद्दल काहीतरी बोलत होते. बायको कान देऊन ऐकत होती, म्हणून मी ऐकलं नाही. एका घरात एकाने ऐकलं की पुरे.

४ जानेवारी, सकाळी
विचार केला. शांत म्हणजे काय? शेजारचे काका मागच्या वर्षी शांत झाले. त्यानंतर त्यांच्या गोळ्या कुणी चालू ठेवल्या का? मग! आजपासून बंद. हिला सांगायचं नाही, उगाच डोकं खाईल. तिच्यासमोर गोळी तोंडात, ती वळली की बेसिनमध्ये.

१२ जानेवारी
ऑफिसात टेबल हलवून घेतलं. इतकी वर्षं वॉशरूमच्या दाराशी होतं, माझ्याच विनंतीवरून. सगळे मला द्वारपाल म्हणतात. आता खिडकीपाशी. साहेबांना सांगितलं, बरा झालो. त्यांनी उठून हात मिळवला. डोळ्यांत पाणी आलं. खिडकीत ऊन फार येतं.

२० जानेवारी
लेकीला नाटकात मुख्य भूमिका मिळाली! संकल्प: अख्खं नाटक बसून बघायचं. आजवर एकही धड पाहिलेलं नाही. शाळेत ती झाड झाली होती, तेव्हाही मी बाहेर संडासाच्या रांगेत. ती म्हणाली, दाराजवळची खुर्ची ठेवते. मी म्हटलं, दाराजवळ पेशंट बसतात. मला पहिली रांग, अगदी मध्ये.

२ फेब्रुवारी
पोट गुरगुरतंय. काल बाहेरचं खाल्लं असणार. काल बाहेर गेलो नव्हतो. परवाचं असेल.

९ फेब्रुवारी
लाल दिसलं. बीट.
संध्याकाळी हिला सहज विचारलं, बीट कधी केलं होतंस? म्हणाली, कित्येक दिवसांत आणलंच नाही, का? म्हटलं, काही नाही, आण एकदा.

१५ फेब्रुवारी
खिडकीपासून वॉशरूम भलतंच लांब. चालणं होतं, तब्येतीला चांगलंच. पँट सैल झाली. ऑफिसात विचारतात, डाएट कोणतं? म्हटलं, कंट्रोल.

२१ फेब्रुवारी
अंगात कणकण आहे. हवाच तशी आहे. डॉक्टरांकडून तपासणीसाठी फोन आला होता. नाटकानंतरची तारीख घेतली.
लेकीचं पाठांतर घेतलं. शेवटी ती स्टेजवर एकटीच असते. म्हणाली, बाबा, तिथे भीती वाटते. मी म्हटलं, "माझ्याकडे बघ. मी समोरच असेन."

२८ फेब्रुवारी, दुपारी
आज नाटक. सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नाही. आत काही नसेल तर बाहेर काय येणार? इतकं साधं डॉक्टरांना कसं सुचत नाही, कोण जाणे. इस्त्रीचा शर्ट काढलाय.

२ मार्च
हॉस्पिटल. हाताला सलाईन, अक्षर वाकडं येतंय.
लेक काय उभी राहते! काय आवाज! माझीच, खरं वाटेना. मग ती एकटी उरली आणि नेमकी तेव्हाच कळ आली. दोन्हीकडे माणसंच माणसं. कुणाच्या गुडघ्यांवरून, कुणाच्या पायांवरून, सॉरी, सॉरी. ती माझ्याकडेच बघत होती. वाक्य अर्ध्यावर थांबलं. मला दारापर्यंत पोचता आलं नाही. पुढचं आठवत नाही.

४ मार्च
डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "शांत म्हणजे झोपलाय," म्हणाले. "गोळ्या त्याला झोपवून ठेवत होत्या." ही उठली. बाहेर गेली, बराच वेळ आली नाही.

५ मार्च
लेक आली. मी म्हटलं, स्टेजचे लाइट डोळ्यांवर येत होते म्हणून जरा उठलो. पुढच्या प्रयोगाला नक्की. ती माझ्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिली. मग म्हणाली, "दाराजवळची खुर्ची मी जाकीट टाकून धरून ठेवली होती, बाबा. शेवटचं सगळं तिकडे बघून बोलायचं, असंच तालमीत बसवलं होतं."
खूप रडू आलं. इथे खिडकी नाही.
नर्सने गोळी दिली. गिळली.