यांचं बोलणं नव्या कॉम्प्युटरवर नेलं त्याची हकिगत

तीर्थरूप वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र बरंच आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना आधी उजवा पाय की डावा, याबद्दल तुमच्या डॉक्टरांचं आणि तुमचं एकमत झालं का? कानांचं विचारत नाही, कारण फोन सोडून पत्र लिहायला बसले ती त्यांच्याच कृपेने. मागच्या वेळी मी फोनवर "कॉम्प्युटर गेला" म्हटलं आणि तुम्ही "कोण गेला?" म्हणत रडायला लागलात. मग सूनबाईंनी फोन घेतला आणि या वयात त्यांना असले धक्के देऊ नका म्हणून मलाच दम दिला. मी राग धरलेला नाही. खरं सांगायचं तर तुम्ही रडलात ते फारसं चुकीचं नव्हतं. माझी तब्येत ठीक. रक्तदाब आहे, पण या घरात आता तेवढाच एक माझ्या सोबतीला आहे, त्याला कशाला नावं ठेवू.

तर हकिगत. तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं पुन्हा सांगते, म्हणजे माझा क्रम चुकणार नाही. यांच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आवाज जाईल पण माणूस राहील. सौदा बरा वाटला. घरी आल्यावर यांनी पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावरची माझी भांडी हलवली, तिथे तो जुना कॉम्प्युटर मांडला आणि मोठ्या अक्षरांत टाईप केलं, मीठ कमी. तिथून पुढे दोन वर्षं आमचा संसार असाच झाला. मी तोंडाने बोलायची, हे बोटांनी. जन्मभर वर्तमानपत्रात प्रुफं तपासलेला माणूस. भांडणातसुद्धा एखादी वेलांटी चुकली की मागे जाऊन आधी ती दुरुस्त करायचे, आणि तोवर माझा राग अर्धा उतरलेला असायचा. (उरलेल्या अर्ध्यासाठी हे जुनं पान उघडून दाखवायचे, की बघ, मी असं म्हणालोच नव्हतो. नवऱ्याचं बोलणं लेखी असलं की बायको कुठलंही भांडण जिंकू शकत नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते.) तुमच्याशीही यांचं पत्रांतून तसंच चालायचं. यांना बोलता येत नव्हतं, तुम्हाला ऐकू येत नाही, तरी तुम्हा भावंडांचा वाद एक आठवडा कधी थांबला नाही.

हे सगळं बोलणं यांनी जपून ठेवलं होतं. रोज नवं पान, आणि पानाला नाव. नाव इंग्रजी अक्षरांत, शब्द मराठी. "पंखा", "पंखा पुन्हा", "ऐकतेस का", "ऐकतेस का दोन", असं करत करत "ऐकतेस का" तीनशेच्याही पुढे गेलं होतं. "आक्का" नावाचीही, म्हणजे तुमच्याबद्दलची, पुष्कळ आहेत, त्याबद्दल आत्ता काही म्हणत नाही. हे गेल्यावर मी त्यातलं रोज थोडं वाचायची. पोथी वाचतात तसं नव्हे हो, पोथीत "भाजीला खडे लागले" असं कुठे असतं. पण वाचलं की बरं वाटायचं. अडचण एकच होती, कॉम्प्युटर आता म्हातारा झाला होता. सुरू करताना असा कण्हायचा की मी स्वयंपाकघरातून "आले हो" म्हणून ओ द्यायची. मग एके दिवशी तो मध्येच बंद पडायला लागला. लेकीला सांगितलं. तिने जावयांना सांगितलं. जावयांनी नवा पाठवून दिला, शाळेच्या पाटीएवढा बारीक, आवाज म्हणून काढत नाही. आमच्या घराला न बोलणारं माणूस नवं नाही, म्हणून मी तो ठेवून घेतला.

आता जुन्यातलं नव्यात न्यायचं. लेक म्हणाली, आधी फोटो घे, माझ्या लहानपणचे आहेत. (ते कागदावर होते. यांनी सगळे कॉम्प्युटरात उतरवले आणि जागा अडते म्हणून अल्बम काढून टाकले. तुम्ही तेव्हा नको म्हणाला होतात, तुमचं बरोबर होतं, एवढं लिहून मी तो विषय मिटवते.) जावई म्हणाले, आधी घराचे कागद घ्या. मी दोघांनाही बरं म्हटलं. आमच्या रस्त्यापलीकडे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या माणसाला सगळे अवघड म्हणतात, कारण तुम्ही काहीही घेऊन जा, तो चष्मा कपाळावर चढवतो आणि "अवघड आहे" म्हणतो. नुसती तार विकत मागितली तरी म्हणतो. पण हात चांगला आहे, आणि दुसरं दुकान फार लांब.

कॉम्प्युटर न्यायचा कसा, हा प्रश्न होता. तो जड, आणि माझा खांदा तुम्हाला माहीतच आहे. यांची ती चाकांची खुर्ची अजून दाराशीच उभी असते. (कुणी परत घेत नाही. वापरलेली आहे म्हणतात. न वापरलेली कोण आणून देईल?) त्या खुर्चीत कॉम्प्युटर बसवला, पट्टा बांधला, बाहेर धूळ फार म्हणून वरून पांढरी चादर घातली आणि निघाले. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई समोरून आल्या, बाजूला झाल्या, हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी हात जोडले. मग त्यांना आठवलं असावं की यांचं तर हिवाळ्यातच झालं. मग खुर्चीत आता कोण, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर आला तो मला स्पष्ट दिसला. मी म्हटलं, कॉम्प्युटर आहे. त्यांनी मान डोलावली पण हात तसेच ठेवले. एकदा जोडलेले हात नेमके कधी सोडायचे, हे कुणालाच कळत नाही. पूर्ण रस्ता ओलांडेपर्यंत गाड्या मात्र थांबल्या. जिवंतपणी यांना घेऊन जाताना एकदाही थांबल्या नव्हत्या.

अवघडने चादर काढली, झाकण उघडलं, आत कान लावून ऐकलं. मग चष्मा चढवून म्हणाला, यायला उशीर केलात. वन्सं, मी तिथल्या स्टुलावर बसलेच. हेच वाक्य, याच सुरात, मी आधी एकदा ऐकलंय आणि तेव्हाही असंच स्टूल होतं. पुढे तो म्हणाला की आतली डिस्क संपत आलीय, आता एकदाच चालू करायची, जेवढं निघेल तेवढं काढायचं, सगळं निघेल असं धरून चालू नका. तेव्हा आधी काय काढायचं ते सांगा. घरी कुणाला विचारायचं असलं तर विचारून घ्या.

मी फोन हातात घेतला. लेकीचा नंबर काढला. फोटोंत तिचा पहिला दात आहे, शाळेचा पहिला दिवस आहे, यांच्या खांद्यावर बसलेली ती आहे. हे सगळं मला दिसत होतं. मग मी फोन पर्समध्ये ठेवला.

"बोलणं काढा," मी म्हटलं.

"काय?"

"बोलणं म्हणून एक खण आहे त्यात. ते आधी. मग फोटो. मग घराचे कागद."

त्याने तार जोडली. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली आणि डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. खाली लिहून येत होतं, तीन तास राहिले. थोड्या वेळाने नऊ मिनिटं. मग दोन दिवस. मग पुन्हा काही मिनिटं. मी अवघडला विचारलं की यातलं खरं कुठलं, तर म्हणाला की मशीनलाही माहीत नसतं, विचारलं जातं म्हणून काहीतरी सांगतं. तेव्हा मला दवाखान्यातल्या त्या मोठ्या डॉक्टरांवरचा माझा राग थोडा कमी झाला. (थोडाच. बिल आठवलं की परत येतो.) मधून मधून डिस्क कट कट असा आवाज करायची. अवघड म्हणायचा, करू द्या, झगडतेय. मी दवाखान्याबाहेर बसत होते तशीच बसले होते, पर्स मांडीवर, पाय जुळवून, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं म्हणून. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, माझं तोंड बघून हळू आवाजात बोलून गेलं.

बोलणं सगळं निघालं. शेवटच्या पानापर्यंत. अवघडने तसं सांगितलं तेव्हा मी नको म्हणत असतानाही त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मग फोटो लावले. पट्टी जराशी सरकली आणि थांबली. डिस्कने दोनदा कट कट केलं आणि गप्प झाली. अवघडने दोन-तीन बटणं दाबून पाहिली, तार काढून पुन्हा लावली, मग चष्मा काढला आणि म्हणाला, गेली. मी सवयीने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दवाखान्यात वेळ विचारतात, म्हणून तेव्हापासून ती खोड लागलीय. परत येताना चादर घालायची की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी घातली.

लेकीला फोनवर सांगितलं की फोटो राहिले. तिने "दाताचाही?" एवढंच विचारलं आणि फोन जावयांना दिला. जावयांनी घराचे कागद दुसरीकडे मिळतील म्हणून मोठ्या मनाने सांगितलं. आणि मी, पापिणीने, फोन ठेवल्यावर पदर खोचून नवा कॉम्प्युटर उघडला. मला यांचं बोलणं वाचायचं होतं.

नावं जशीच्या तशी आली होती. "पंखा", "ऐकतेस का", सगळी ओळीने. मी "पंखा पुन्हा" उघडलं. आत एक अक्षर मराठी नाही. डॉलर, टक्के, टोपी घातलेले इंग्रजी ए, उलटी प्रश्नचिन्हं, रिकामे चौकोन. दुसरं उघडलं, तेच. दहा-बारा उघडली. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारणारा माणूस, वन्सं, आणि त्याच्या बोलण्यात आता वेलांटी औषधालाही नाही. मला वाटलं माझा चष्मा बिघडला. मग वाटलं डोकं बिघडलं. मग चप्पल घालून अवघडला बोलावून आणलं.

तो जेवणाच्या टेबलाशी बसला आणि त्याने समजावलं. हे ज्या मराठी अक्षरांत टाईप करायचे, ती (फॉन्ट म्हणतात म्हणे त्याला) त्यांच्या वर्तमानपत्राने स्वतःपुरती करून घेतली होती. बाजारात नव्हतीच कधी. निवृत्त होताना यांनी ती घरी आणली, वर्तमानपत्र पुढे बंद पडलं, आणि अक्षरं तेवढी जुन्या कॉम्प्युटरात राहिली. बोलणं इकडे आलं, पण ज्या अक्षरांत बोललेलं होतं ती तिकडे मेली. ती असती तर सगळं पुन्हा जसंच्या तसं दिसलं असतं. अवघडने दोन दिवस ठिकठिकाणी फोन करून पाहिले. तिसऱ्या दिवशी घरी आला, दाराशीच उभा राहिला आणि चष्मा पुसत राहिला. त्या दिवशी तो "अवघड आहे" म्हणाला नाही. तेव्हाच मी समजले.

तर असं आहे. मी अजून दुपारी पानं उघडते. आता थोडं थोडं लांबीवरून ओळखायला लागलेय. एक छोटीशी ओळ असली म्हणजे मीठ. मध्ये जागा सोडून दोन ओळी म्हणजे दार लावलंस का, गॅस बंद केलास का. पूर्ण पान भरलं असलं म्हणजे माझ्यावर चिडलेले आहेत. त्या पानाला मी उत्तर देते. टोप्या घातलेले ए माझं ऐकून घेतात, आणि पहिल्यांदाच उलट काही दाखवत नाहीत. जिंकल्यासारखं वाटायला हवं, तसं काही वाटत नाही.

बाकी क्षेम. थंडी वाढली की गुडघ्यांना शेक द्या. घरातल्या लहानांचे गालगुच्चे माझ्या वतीने घ्या, मोठ्यांना नमस्कार, आणि मधल्यांनी आपापलं सांभाळावं.

तुमची,
भावजय

ता. क. विनंती नाही असं वर लिहिलं ते खोटं होतं. यांची पत्रं तुम्हाला वाचता यावीत म्हणून यांनी तुमच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरात तीच अक्षरं स्वतः घालून दिली होती. सूनबाई परवा म्हणाल्या की तुमच्याकडेही नवा घेतलाय आणि जुना भंगारवाल्याला द्यायचा आहे. वन्सं, तो देऊ नका. चालू करू नका, पुसू नका, नातवंडांना हात लावू देऊ नका. अवघड स्वतः माझ्याबरोबर यायला तयार आहे. येत्या आठवड्यात येते. "आक्का" नावाची पानं हवी तर आधी तुम्ही एकट्याने वाचा. सगळं गोड नसणार. न आवडलेलं पुसायचं असेल तर पुसा. नाही, पुसूही नका.

ता. क. दुसरा. बोलणं आधी काढायला मी सांगितलं, हे लेकीला माहीत नाही. मशीनने आपोआप तसं घेतलं असं मी तिला सांगितलंय. तिचा फोन आला तर कृपा करून तुम्हाला ऐकू येत नाही असं करा.

ता. क. तिसरा. सगळ्यांत शेवटच्या पानाचं नाव "चावी" आहे. मी पहिल्यापासून क्रमाने वाचत होते, तिथवर कधी पोचलेच नव्हते. यांना दवाखान्यात नेलं त्याच दिवसाचं आहे. हे गेल्यावर मोठ्या कपाटाची चावी सापडेना, म्हणून सुताराकडून कपाट फोडून घेतलं. आत स्वेटर निघाले आणि जुने दिवे. म्हणजे चावीची आता कुणालाच गरज नाही. पण ती कुठे ठेवलीय हे त्यांनी मला सांगितलेलं आहे, आणि ते मला ऐकायचं आहे.