मटाडीला न पोचलेला माल

४ ऑगस्ट १९७४, रविवार. सकाळी ७
नवी वही, नवा निश्चय. पीएच.डी.चा प्रबंध दसऱ्याच्या आत विद्यापीठात देणार म्हणजे देणारच. विषय : 'बेल्जियम आणि काँगो यांच्यातील मालाचा व्यापार'. सहा वर्षं झाली. त्यातली तीन काँगोनं खाल्ली. मी निम्म्यात आलो, आणि त्यानं नाव बदलून झाईर केलं. सगळे मथळे बदलायचे की नाही हे ठरवण्यात वेळ जाणारच. यात माझा दोष नाही.
रोज पहाटे पाचला उठून दोन तास लेखन. (आज रविवार म्हणून सात.)

७ ऑगस्ट
पाचला उठलो. पुन्हा झोपलो.
गोपिका तक्ते उतरवून देते आहे. माझं अक्षर टायपिस्टला लागत नाही. बायकोचं शिक्षण इंटरपर्यंत, तेही काटोलला. वाढली नरखेडकडे संत्र्याच्या बागेत. व्यापारशास्त्रातलं तिला कळत नाही हे एका परीनं बरंच. दिसेल तसं उतरवते.

१५ ऑगस्ट. दुपारी
कॉलेजात झेंडावंदन करून आलो आणि शोध लागला! १९६८ साली बेल्जियम म्हणतं, अँटवर्पहून इतकी यंत्रं पाठवली. काँगो म्हणतो, आमच्या मटाडी बंदरात त्याहून बाराशे टन कमी आली. मग बाराशे टन गेली कुठे? समुद्रात चोरी! एवढं मोठं कारस्थान इथे सक्करदऱ्याला घरात बसून मी पकडलं. पाचव्या प्रकरणाचं नाव : 'सागरी गळती'.

२५ ऑगस्ट
'सागरी गळती' बत्तीस पानं झाली. गोपिका उतरवता उतरवता थांबली. काय झालं विचारलं, तर म्हणाली की याले चोरी काहून म्हणता? आमच्या बाबाची संत्र्याची वॅगन नरखेडहून एकतीस डिसेंबरले निघाली, कलकत्त्याच्या अडत्यानं जानेवारीत उतरवून घेतली. बाबानं ह्या सालात लिवली, त्यानं त्या सालात. दोघं सहा महिने एकमेकाले चोर म्हणून राहिले होते. मंग दोघांच्या वह्या बाजूबाजूले ठेवल्या अन् भांडण मिटलं. तुमचं जहाजबी तसंच असन. पुढच्या सालचं पान पाहा ना.
मी शांतपणे समजावलं की संत्री वेगळी आणि आंतरराष्ट्रीय व्यापार वेगळा. 'बरं' म्हणाली, आणि तेच समासात पेन्सिलीनं दोन ओळींत लिहून ठेवलं.

२६ ऑगस्ट
सहज म्हणून १९६९चं पान उघडलं. काँगोकडे माल जास्त आलेला. जवळजवळ बाराशे टन.
जेवण गेलं नाही. पोट बिघडलं असं सांगितलं. गोपिकेनं वेगळी मुगाची खिचडी टाकली.

२८ ऑगस्ट
समासातल्या दोन ओळी खोडरबरानं पुसल्या. कागद स्वच्छ असावा, एवढाच हेतू.

१ सप्टेंबर, रविवार
धंतोलीला पांढरीपांडे सरांकडे. (माझे गाईड. सहसा माझी पानं वाचून ते डोळे मिटून बसतात.) म्हटलं, प्रथमदर्शनी चोरी वाटते, पण दोन्ही देशांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर... सर खुर्चीतून उठले. म्हणाले की मार्तंडराव, सहा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही विचार केलेला दिसतो. सुचलं कसं? मी म्हणालो, चिंतनातून. चहा दोनदा मिळाला.
येताना सायकल चांगली असूनही हातानं ढकलत आणली. गोपिकेनं विचारलं, सर काय म्हणाले? 'ठीक आहे म्हणाले' एवढंच सांगितलं. ऋणनिर्देशात तिचं नाव पहिलं टाकायचं. ठरलं.

२ सप्टेंबर
ऋणनिर्देश लिहिला. सर, ग्रंथपाल, कधीही न भेटलेले बेल्जियमच्या वकिलातीतले सचिव, कै. वडील, टायपिस्ट बाबाराव. पान भरलं.

१४ सप्टेंबर
सरांच्या विभागात सहायकाची जागा निघाली आहे. इंटर चालेल. सर म्हणाले की पदवीधर आकडे नुसते उतरवतात, मला आकडे वाचणारा माणूस हवा. तुमच्या ओळखीत कोणी आहे? मी आढ्याकडे पाहून आठवल्यासारखं केलं आणि 'नाही' म्हणालो.
गोपिकेला नोकरीची हौस आहे हे मला ठाऊक नाही असं नाही. लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. पण तिचं नाव सुचवायचं तर ती आकडे कशी वाचते हे सरांना सांगावं लागेल. उद्या सांगतो. अर्जाला तीस तारखेपर्यंत वेळ आहे.

२२ सप्टेंबर
घरात गणपती बसले आहेत. अशा दिवसांत कबुली नको.

३० सप्टेंबर
शेवटची तारीख. मनाचा हिय्या करून गेलो. सरांच्या चपला दारात दिसल्या नाहीत, म्हणून परतलो. त्या आत असू शकतात हे वळणावर आल्यावर सुचलं. परत फिरलो नाही.
मी नालायक माणूस आहे. वहीत लिहायला हरकत नाही. कोणी वाचत नाही.

१० ऑक्टोबर
सरांनी बोलावलं. आज सगळं सांगायचंच. रस्ताभर पाठ केलं.
सर म्हणाले की जागा भरली. मुलाखतीत तुमचं बाराशे टनांचं कोडं घातलं होतं. नऊ पदवीधर चोरी म्हणाले. एक बाई म्हणाल्या, पुढच्या सालचं पान दाखवा. कुठे शिकलात विचारलं, तर म्हणाल्या, आमच्या घरी ह्यांनी शिकवलं.
सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, घरात असा विद्यार्थी घडवणारा मास्तर मी पाहिला नाही.
पाठ केलेलं सगळं ओठाशी आलं. मी म्हणालो, आभारी आहे सर.
घरी गोपिका तुरीची डाळ निवडत होती. पेपरात जाहिरात वाचून तिनं अर्ज केला होता. मी विचारलं, सरांना खोटं का सांगितलं? मान वर न करता म्हणाली की तुमी पेन्सिल पुसली तवाच समजली मी, का तुमाले पटलं. मले तेवढं पुरलं.
मोरीत जाऊन उगाच तोंड धुतलं. मला फार लाज वाटते आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार
तिचा कामावरचा पहिला दिवस. सरांनी पहिलं काम दिलं ते माझा प्रबंध तपासायचं.
संध्याकाळी आली. चहा झाल्यावर हळूच म्हणाली की तिसऱ्या प्रकरणात तुमी बेल्जियमचा रकाना सोडून शेजारच्या हॉलंडचा घेतला. चाळीस पानं. अजून कोणाले सांगितलं नाही.
मी विचारलं, आता सरांना काय सांगणार? म्हणाली की सांगीन, उतरवताना माझीच नजर चुकली.
नोकरीचा पहिला आठवडा, आणि आकडे वाचणारी म्हणून घेतलेली बाई सांगणार की तिला रकाना दिसला नाही. 'तसं करू नको' म्हणायला मी तोंड उघडलं.
मग म्हणालो, बघू उद्या.