तुमचा फोन साफ केलाय

अहो,

फोन फ्रिजवर ठेवलाय. "जुना झालाय म्हणून तापतो" असं गावभर सांगत होतात ना? जुनाबिना काही झालेला नाही, तुम्ही त्याची धर्मशाळा करून ठेवली होती. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे सगळे मेसेज वाचायची परवानगी! उजेड पाडायला मेसेज कशाला लागतात, एवढंही विचारावंसं वाटलं नाही? आणि कुरिअर अडकल्याच्या मेसेजमधून घेतलेलं ते व्हायरस काढणारं अ‍ॅप, तोच खरा चोर. काढायला गेले तर निघेना. फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरची अ‍ॅप बंद ठेवून, चालू केला, त्या अ‍ॅपला तुम्ही बहाल केलेले अधिकार बंद केले, तेव्हा कुठे मुकाट्याने गेलं. बँकेचा पासवर्ड माझ्या फोनवरून बदललाय. विचारू नका, सांगणार नाही.

"तुला यातलं काय कळतं" म्हणाल. नाहीच कळत. थोरला माझ्या फोनवर सांगत गेला, मी करत गेले.

शेवटी भामट्यांचे नंबर ब्लॉक करायला गेले, तर यादीत आधीच एक नंबर. थोरल्याचा. येईल त्या चोराला घरात घेतलंत आणि पोटच्या पोराला बाहेर काढलंत. वर वर्षभर तोंड वाजवताय, "त्याला बापाची आठवण नाही, साधा फोन करत नाही."

बाकीची घाण मी काढली. तो नंबर तसाच ठेवलाय, तो तुम्हीच काढायचा.

मी त्याच्याकडे निघालेय. पोचल्यावर त्याच्याच फोनवरून तुम्हाला फोन करीन. लागला तर बोलू.